ब्रूटस सीझरशी काय बोलला?

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी दुपारी माझी नात लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. ती दहावीत आहे. इथल्या बऱ्याच शाळांत दहावीला शेक्सपिअरचं 'ज्युलियस सीझर' असतं, तसं तिलाही होतं. "आजोबा, तुम्ही कॉलेजमध्ये हे नाटक शिकलात ना? मग मला एकच सांगा, ब्रूटस चांगला की वाईट? निबंधात मला एक बाजू घ्यायचीय."

मी आमच्या प्राध्यापकांनी दिलेलं जुनं उत्तर तिला दिलं. ब्रूटस हा सज्जन, हेतू शुद्ध, पण व्यवहारज्ञान कमी. कॅशियस मत्सरी, पण चाणाक्ष. चांगल्या माणसाने चांगल्या हेतूने केलेली भयंकर चूक, म्हणून ही शोकांतिका. हेच उत्तर लिहून मी एकेकाळी बरे मार्क मिळवले होते. नातीने ते टाईप केलं आणि मग मान वर करून विचारलं, "पण तो सीझरचा मित्र होता ना? मग त्याने सीझरला आधी विचारलं का नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. "जुन्या काळी असंच असायचं," असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. रात्री सगळे झोपल्यावर कपाटातून नाटक काढलं, पेन्सिल घेतली आणि ब्रूटस सीझरशी जिथे जिथे थेट बोलतो तिथे तिथे खूण करत गेलो. काम फार लवकर आटोपलं. कारण खुनाआधी ब्रूटस सीझरशी फक्त तीन वेळा बोलतो.

पहिल्या वेळी तो नुसता निरोप्या असतो. गर्दीतला एक ज्योतिषी मार्चच्या पंधरा तारखेला जपायला सांगतोय, हे तो सीझरच्या कानावर घालतो. दुसरी वेळ खुनाच्या दिवशी सकाळी. कटवाले सीझरला न्यायला त्याच्या घरी आले आहेत. सीझर विचारतो, किती वाजले? ब्रूटस सांगतो, आठ. सीझर तसदी घेतल्याबद्दल त्याचे आभार मानतो आणि सगळ्यांना आत चलून आपल्याबरोबर घोटभर वाईन घ्यायला सांगतो. तिसरी वेळ सिनेटमध्ये. एका हद्दपार माणसाच्या सुटकेसाठी विनंती करताना ब्रूटस सीझरच्या हाताचं चुंबन घेतो. त्यानंतर बोलणं नाही, खंजीरच.

म्हणजे एक निरोप, घड्याळातली वेळ आणि एक विनंती, तीही ठरलेल्या नाटकाचा भाग. ज्या प्रश्नावर एका माणसाचा जीव जाणार आहे, त्या प्रश्नावर त्या माणसाशी एक अक्षर नाही. नातीचा प्रश्न शाळकरी नव्हता, तो नाटकाच्या मुळालाच हात घालणारा होता.

आता थोडं कथानक, कारण पुष्कळांना हे नाटक वाचून जमाना झाला असेल. शेक्सपिअरने ते १५९९ च्या सुमारास लिहिलं. मुख्य आधार प्लूटार्कच्या चरित्रांचा, सर टॉमस नॉर्थने १५७९ मध्ये केलेल्या इंग्रजी भाषांतरातून घेतलेला. इतिहासातला काळ इ. स. पूर्व ४४. त्याच वर्षी सीझर रोमचा तहहयात सर्वाधिकारी झाला होता. राजा हा शब्द रोमन माणसाला विषासारखा वाटे, कारण जुन्या परंपरेप्रमाणे इ. स. पूर्व ५०९ मध्ये शेवटच्या राजाला हाकलून रोमने प्रजासत्ताक स्थापलं होतं, आणि त्यात पुढाकार घेणाऱ्याचं नावही ब्रूटसच होतं. आपला ब्रूटस स्वतःला त्याच घराण्यातला मानत असे. शिवाय यादवी युद्धात हा ब्रूटस सीझरच्या विरुद्ध, पाँपीच्या बाजूने लढला होता. इ. स. पूर्व ४८ मध्ये पाँपीचा पराभव झाल्यावर सीझरने त्याला क्षमा केली आणि पुढे मोठी पदं दिली. कॅशियसलाही अशीच क्षमा मिळाली होती.

आपल्या भाषेत ब्रूटसचं नाव केव्हाच म्हणीसारखं झालं आहे. मरणाऱ्या सीझरच्या तोंडचे ते तीन लॅटिन शब्द शेक्सपिअर न वाचलेला माणूसही निवडणुकीच्या दिवसांत सहज वापरतो. पण आपल्याकडे विश्वासघाताला जे शब्द आहेत, ते ब्रूटसला नीट बसत नाहीत. फितूर म्हणजे विकला गेलेला. दगाबाज म्हणजे फसवून स्वतःचं साधणारा. ब्रूटसने कोणाकडून कवडी घेतली नाही, त्याला सीझरची जागाही नको होती. शेवटी त्याच्या प्रेताशेजारी उभा राहून त्याचा शत्रू अँटनीसुद्धा कबूल करतो की, बाकीच्यांनी मत्सरापोटी केलं, या एकट्याने मात्र सर्वांच्या भल्याचा विचार करून केलं. इतका स्वच्छ हेतू असलेला माणूस मित्राचा खून करण्यापर्यंत पोचतो कसा?

उत्तर दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला, मध्यरात्री बागेत केलेल्या त्याच्या स्वगतात आहे. त्याची रचना नीट पाहण्यासारखी आहे. स्वगताची सुरुवातच निर्णयाने होते, सीझरला मरावंच लागेल. कारणं त्यानंतर येतात. हिशोबाच्या वहीत उत्तर आधी लिहावं आणि मग ते जुळेल असे आकडे वर भरावेत, तसा हा प्रकार. आणि ब्रूटस प्रामाणिक असल्यामुळे आकडे जुळत नाहीत हेही तो मान्य करतो. माझं सीझरशी वैयक्तिक वैर नाही, म्हणतो. त्याच्या विकारांनी त्याच्या विवेकावर मात केल्याचं मी कधी पाहिलेलं नाही, म्हणतो. तर मग? मग असं म्हणू, की मुकुट मिळाल्यावर तो बदलू शकेल. सापाचं अंडं आहे, उबवलं की साप होणार, म्हणून अंड्यातच मारलेलं बरं. 'बदलू शकेल' यापासून 'बदलेलच' यापर्यंतचं अंतर तो एका उपमेच्या जोरावर कापतो. माणूस हा माणूस राहिला नाही, अंडं झाला. आणि अंड्याला काही विचारायचं नसतं.

याहून विलक्षण गोष्ट वेगळीच आहे. सीझरविरुद्ध खरा पुरावा ब्रूटसच्या हातात होता. सीझरच्या पुतळ्यांवरच्या माळा-पताका काढल्या म्हणून दोन लोकप्रतिनिधींची तोंडं बंद केल्याची बातमी कॅस्काने त्याला आदल्याच अंकात दिली होती. झालेल्या अन्यायाची ही ठोस गोष्ट सिनेटमध्ये उभं राहून मांडता आली असती, सीझरला तोंडावर विचारता आली असती. स्वगतात ब्रूटस तिचा उल्लेखही करत नाही. घडलेल्या अपराधाबद्दल जाब विचारता येतो, न घडलेल्या अपराधाबद्दल कोणाला काय विचारणार? तिथे फक्त शिक्षा देता येते. ब्रूटसने विचारता येईल असा मुद्दा सोडला आणि विचारता न येणारा निवडला.

असं का झालं असेल? मला वाटतं, याचं कारण त्याच्या शुद्ध हेतूतच आहे. कॅशियससारख्या माणसाला आपल्या मनात मत्सर आहे हे आतून ठाऊक असतं, त्यामुळे त्याला हिशेब करावा लागतो, लोक काय म्हणतील, धोका कुठे आहे, हे पाहावं लागतं. ब्रूटस स्वतःच्या मनात डोकावतो, तिथे स्वार्थ दिसत नाही, आणि तपास तिथेच संपवतो. आपला हेतू चांगला आहे, एवढ्यावरूनच आपला निष्कर्षही बरोबर आहे असं तो धरून चालतो. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेतू आपल्याला आपल्याबद्दल सांगतो, समोरच्या माणसाबद्दल काहीच सांगत नाही. समोरच्याबद्दल कळायचं तर त्याच्याशीच बोलावं लागतं.

कटवाल्यांना या शुद्धतेची किंमत बरोबर ठाऊक आहे. कॅस्का उघड म्हणतो की आपण केलं तर जे पाप दिसेल, ते ब्रूटसच्या नुसत्या पाठिंब्याने पुण्य दिसू लागेल. कॅशियस वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, जणू निरनिराळ्या नागरिकांनी लिहिल्या आहेत अशा चिठ्ठ्या त्याच्या घरात टाकायला लावतो. ब्रूटसला त्या रोमची हाक वाटतात. त्या कोणी लिहिल्या, एवढं तो विचारत नाही. दुसऱ्या कोणाची स्तुती असती तर त्याला शंका आली असती. पण तुमच्यासारख्या निःस्वार्थ माणसाची देशाला गरज आहे, ही स्तुती निःस्वार्थ माणसाला स्तुती वाटतच नाही, ती त्याला जबाबदारी वाटते.

पुढच्या घटना पाहिल्या तरी हाच धागा सापडतो. चौथ्या अंकात ब्रूटस कॅशियसवर लाचखोरीचा आरोप करतो, आणि त्याच दमात तक्रार करतो की सैन्याच्या पगारासाठी मी पैसे मागितले तेव्हा तू दिले नाहीस. मला गरीब शेतकऱ्यांच्या हातून वाईट मार्गाने पैसा काढता येत नाही, असं तो म्हणतो. म्हणजे पैसा हवा आहे, फक्त तो दुसऱ्याच्या हातांनी गोळा झालेला हवा. इतिहासातला ब्रूटस तर याच्याही पुढे गेला होता. सायप्रसमधल्या सलामिस शहराला त्याने आपल्या माणसांमार्फत ४८ टक्के व्याजाने कर्ज दिलं होतं, आणि त्या वसुलीत तिथल्या नगरसभेच्या लोकांना कोंडून ठेवल्यामुळे पाच जण उपाशी मेले. त्या वेळी तिथे अधिकारी म्हणून गेलेल्या सिसेरोच्या पत्रांत ही हकिगत आहे. हाच ब्रूटस रोममध्ये सद्गुणांचा पुतळा मानला जात होता. तो ढोंगी होता असं मला म्हणायचं नाही. आपल्या चांगुलपणावर त्याचा इतका विश्वास होता की आपल्या नावाने काय चाललंय हे पाहायची गरज त्याला वाटली नसावी.

इथे माझी एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. त्या रात्री नाटक मिटल्यावर मला झोप न येण्याचं कारण शेक्सपिअर नव्हतं.

फार वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या राज्यात राहत होतो. तिथल्या एका संस्थेच्या कार्यकारिणीत मी होतो. अध्यक्ष आमच्यापेक्षा वयाने मोठे, सगळे त्यांना दादा म्हणायचो. सलग नऊ वर्षं संस्था त्यांनीच ओढली होती. गणपतीचं मखर, मोठी पातेली, स्पीकर, सगळं त्यांच्या गॅरेजमध्ये. स्वतःची गाडी बर्फात बाहेर. हिशोब सेंटपर्यंत चोख. पण इमारतीसाठी निधी जमायला लागला आणि आमच्यातल्या काहींना वाटू लागलं की उद्या संस्था म्हणजे यांचं घरचं कार्य होईल. त्यांनी तसं काही केलं नव्हतं. करतील, अशी भीती होती. एका मित्राच्या बेसमेंटमध्ये तीनदा बैठक झाली. अध्यक्षपद दोन वर्षांपुरतंच असावं आणि नियम याच वर्षीपासून लागू व्हावा, असं ठरलं. ठराव मी मांडायचा. "तुमचं नाव स्वच्छ आहे, तुम्ही बोललात की लोक ऐकतील," असं मला सांगण्यात आलं. मलाही ते पटलं. आज कबूल करतो, ते ऐकून बरंही वाटलं होतं.

सर्वसाधारण सभेत ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाला. दादा एक शब्द बोलले नाहीत. बाहेर पार्किंगमध्ये मात्र त्यांनी मला गाठलं. राग नव्हता, खरंच समजत नसल्यासारखा चेहरा होता. म्हणाले, "अरे, शनिवारी तर घरी जेवायला होतास. तेव्हा का नाही बोललास? मीच मांडला असता ठराव."

पुढच्या आठवड्यात त्यांनी सगळं सामान पोचतं केलं, सोबत टाईप केलेली यादी, त्यात चमचेसुद्धा मोजलेले. त्यानंतर ते कार्यक्रमांना आले नाहीत. दोन वर्षांच्या आत एका संस्थेच्या दोन झाल्या.

तो नियम आजही मला बरोबरच वाटतो. आज मतदान झालं तरी मी त्याच बाजूने हात वर करीन. मग इतकी वर्षं जे टोचत राहिलं ते काय? नियम बरोबर असणं आणि माणसाशी बरोबर वागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या आधाराने मी दुसरी टाळली. त्यांच्या घरी जेवताना मी गप्प बसलो, कारण बोललो असतो तर त्यांनी काहीतरी उत्तर दिलं असतं, आणि ते ऐकून माझं मत डळमळलं असतं. मला ते डळमळू द्यायचं नव्हतं.

ब्रूटसलाही हीच भीती असावी, असं आता वाटतं. त्या सकाळी वाईनला बोलावल्यावर त्याचं मन गलबलतं, पण ते तो स्वतःशीच बोलतो, सीझरला ऐकू जाणार नाही असं.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. हुकूमशहाला विचारायला जायचं म्हणजे स्वतःची मान त्याच्या हातात द्यायची. जगातल्या अनेक देशांत माणसं हे अनुभवत आली आहेत. ज्याच्या राज्यात प्रश्न विचारणारा रात्रीतून नाहीसा होतो, त्याच्याविरुद्ध गुपचूप संघटना करणाऱ्यांना मी विश्वासघातकी म्हणणार नाही. विश्वासघाताला आधी विश्वास लागतो. पण ब्रूटसची गोष्ट तशी नाही. शत्रू असताना ज्याला क्षमा मिळाली, ज्याच्यावर सीझरचं प्रेम असल्याचं सगळ्या रोमला ठाऊक होतं, असा हा माणूस. सीझरच्या तोंडावर बोलून जिवंत परत यायची सर्वांत जास्त शक्यता रोममध्ये कोणाची असेल, तर त्याची. कदाचित सीझर हसला असता. कदाचित चिडला असता आणि ब्रूटसला रोम सोडावं लागलं असतं. तसं झालं असतं तर निदान अंड्यात काय आहे ते कळलं असतं, आणि त्यानंतरचा विरोध उघडा झाला असता.

शेक्सपिअर सीझरला राक्षस करत नाही, हेही विसरू नये. त्याचा सीझर गर्विष्ठ आहे, एका कानाने बहिरा आहे, स्तुतीला भुलणारा आहे आणि धीटही आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगात सनी वेंकटरत्नम या कैद्याजवळ शेक्सपिअरच्या समग्र नाटकांचं एक पुस्तक होतं. पहारेकऱ्यांना ते धर्मग्रंथ वाटावं म्हणून त्याने त्यावर दिवाळीची भेटकार्डं चिकटवली होती. सोबतच्या कैद्यांनी त्यात आपल्या आवडीच्या उताऱ्यांशेजारी सह्या केल्या. १६ डिसेंबर १९७७ या तारखेची नेल्सन मंडेलांची सही याच नाटकात आहे, मरणाच्या भीतीबद्दलच्या उताऱ्याशेजारी, आणि तो उतारा सीझरच्या तोंडचा आहे. जुलमी सत्तेशी लढणाऱ्या माणसाने शब्द निवडले ते सीझरचे. ज्या माणसाला कोणी साप म्हणून मोकळं होतं, त्याच्यातही एवढं काही असू शकतं.

खुनाने मिळालं काय? ब्रूटस भर चौकात आपली कारणं नीट समजावून देतो, तर गर्दीतला एक जण ओरडतो की यालाच सीझर करा! लोकांना त्याचा मुद्दा कळलाच नव्हता. मग अँटनी बोलतो. सीझरवर त्याचं प्रेम खरं आहे, तरी तो लोकांना फसवतोच. मृत्युपत्रात प्रत्येक नागरिकाला ७५ द्राख्मा ठेवल्याचं सांगून गर्दी पेटवतो आणि पुढच्याच अंकात त्या देणग्या कमी कशा करता येतील ते पाहतो. पेटलेली गर्दी कटवाल्याचं आणि एका कवीचं नाव सारखं आहे एवढ्यावरून त्या कवीला फाडून टाकते. अँटनी आणि ऑक्टेव्हियस मारायच्या माणसांची यादी करायला बसतात. इतिहासात इ. स. पूर्व ४२ मध्ये फिलिपीला ब्रूटस हरला आणि त्याने आत्महत्या केली. इ. स. पूर्व २७ मध्ये तोच ऑक्टेव्हियस ऑगस्टस झाला. ज्या प्रजासत्ताकासाठी सगळं केलं, ते गेलं ते गेलंच.

दान्तेने आपल्या नरकात ब्रूटसला अगदी तळाशी, ज्यूडासच्या शेजारी बसवलं आहे. मला ती शिक्षा जास्त वाटते. पण त्याला नुसता भाबडा सज्जन म्हणून सोडून देणं, जे मी परीक्षेत केलं होतं, तेही आता पटत नाही. विश्वासघात खंजीर उपसला तेव्हा सुरू झाला नाही. ज्या रात्री ब्रूटसने मित्राबद्दलचा प्रश्न मित्र सोडून सगळ्यांशी चर्चिला, त्या रात्री तो होऊन गेला होता.

दुसऱ्या दिवशी नातीला मी हे सगळं सांगितलं. दादांची गोष्टही सांगितली. दादा आज हयात नाहीत, आणि त्या पार्किंगनंतर मी त्यांना एकदाही फोन केला नाही, हेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आजोबा, तुम्ही चांगले की वाईट?"

मी म्हटलं, "तू आपली ब्रूटसवर लिही."

निबंध तिने मला दाखवला नाही. मीही मागितला नाही. पण जाताना म्हणाली, "मी त्या तीन वेळांबद्दल लिहिलंय." मला तेवढं पुरलं.